डोक्यावरचा पंखा



आपल्या घरांत यंत्रें आतां पुष्कळ झालीं. कपडे धुण्याचें यंत्र आहे, वाटण वाटण्याचें आहे, पाणी गाळण्याचें आहे. परंतु हीं सर्व जमिनीवर, ओट्यावर किंवा भिंतीच्या आधारानें बसलेलीं असतात. ज्याला आपण आपल्याच डोक्यावर टांगतों आणि ज्याच्याखालीं रात्रभर निर्धास्त झोंप घेतों असें यंत्र एकच; तें म्हणजे छताचा पंखा. चैत्र लागला कीं आपण बटण दाबतों व मृगाचा पाऊस पडेपर्यंत त्याला उसंत देत नाहीं. पण त्याच्याकडे पाहण्यासाठीं मान वर होते ती मात्र वर्षांतून एकदां, दिवाळीच्या झाडलोटींत, आणि तीहि पात्यांवरची धूळ दिसली म्हणूनच.

थोडा हिशेब करूं. घरोघर असतो तो साधा पंखा १२०० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे सुमारें चार फुटांचा असतो. त्याचें वजन चार-पांच किलो भरतें. पूर्ण वेगानें तो मिनिटाला साडेतीनशें ते पावणेचारशें फेरे घेतो. सेकंदाला सहा फेरे धरले, तर पात्याचें टोंक एका सेकंदांत बावीस मीटरांहून अधिक अंतर तोडतें. म्हणजे तासाला सुमारें ८० किलोमीटर. हमरस्त्यावर मोटार धांवते त्या वेगानें एक पत्र्याची पट्टी उभ्या माणसाच्या डोक्यापासून अवघ्या दोन हातांवर फिरत असते. हें मी कोणाला भिवविण्यासाठीं सांगत नाहीं. कोट्यवधि पंखे वर्षानुवर्षें बिनतक्रार फिरत आहेत. परंतु ज्या दोन-तीन लहान वस्तूंच्या भरंवशावर ते फिरतात, त्यांची ओळख घरांतील निदान एका माणसाला असावी, एवढेंच माझें म्हणणें आहे.

पंख्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पडवींत पेंगणारा पंखेवाला आतां फक्त जुन्या चित्रांत उरला आहे. अमेरिकेंत फिलिप डील या कारागिरानें शिवणयंत्राची विजेची मोटर छताला टांगून तिला पातीं लावलीं, ती गोष्ट १८८० नंतरच्या दशकांतली. आपल्याकडे मुंबईला वीज पुरविणारी कंपनी १९०५ सालीं निघाली आणि खोपोलीची जलविद्युत् १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली. म्हणजे या पाहुण्याला घरांत येऊन तसा फार काळ झालेला नाहीं. तरी आपण त्याला इतके सरावलों आहों, कीं तो यंत्र आहे हेंच विसरलों.

सुशिक्षित घरांत अशा कामाविषयीं दोन प्रकारच्या वृत्ती दिसतात. कांहीं घरांत पाना, पक्कड, डिसमिस यांना हात लावणें हें आपलें काम नव्हे अशी समजूत असते. साधा दिवा बदलावयाचा तरी मिस्त्री येईपर्यंत दोन दिवस अंधारांत काढतात. दुसऱ्या प्रकारचीं घरें अलीकडे वाढत चाललीं आहेत. तेथें भ्रमणध्वनीच्या पडद्यावर कोणी परदेशी गृहस्थ दहा मिनिटांत पंखा बसवितांना दिसतो, आणि आमचा गृहस्थ त्याच संध्याकाळीं पलंगावर खुर्ची व खुर्चीवर स्टूल ठेवून वर चढतो. या दोहोंपैकीं पहिल्याचें फारसें बिघडत नाहीं. दुसऱ्याचें बिघडलें तर मागाहून दुरुस्त करतां येत नाहीं.

घरमालकानें कोठवर जावें याची एक रेघ आपल्या कायद्यानेंच आंखून दिलेली आहे, आणि मला ती मोठी समंजस वाटते. १९५६ च्या भारतीय वीज-नियमांतील ४५ व्या नियमानें विजेच्या जोडणीचें काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून घेण्याचें बंधन घातलें. मात्र दिवे, पंखे, फ्यूज, कळा व घरगुती उपकरणें यांची अशी अदलाबदल, कीं जिच्यामुळें मूळ जोडणीची शक्ति किंवा स्वरूप बदलत नाहीं, ती यांतून वगळली. पुढें २०१० सालीं केंद्रीय विद्युत् प्राधिकरणानें केलेल्या विनियमांतहि हाच अपवाद आला. याचा साधा अर्थ असा, कीं पंखा होता तेथें पंखा लावणें हें घरचें काम होऊं शकतें. पंखा नव्हता तेथें भिंत खोदून नवी तार नेणें हें घरचें काम नव्हे.

आतां माझी स्वतःची एक फजिती सांगतों. वीस-बावीस वर्षांपूर्वीं पुण्यांत आम्ही जुना वाडा सोडून नव्या सदनिकेंत राहावयास आलों. वाड्यांतला पंखा उत्तम चालत होता, म्हणून तो बरोबर आणला आणि मोठ्या हौसेनें मींच आंतल्या खोलींत टांगला. पंख्याची दांडी वरच्या कडींत अडकविण्यासाठीं एक आडवा बोल्ट असतो. बोल्टाला नट आणि नटाच्या पुढें एक दुपाखी खिळा, ज्याला मिस्त्री लोक स्प्लिट पिन म्हणतात. ही पिन काढतांना माझ्या हातून मोडली. रविवार होता, दुकानें बंद. मीं घरांतला तारेचा एक तुकडा त्या भोकांतून ओंवला, दोन पीळ दिले, आणि उद्यां पिन आणूं असें म्हणून खालीं उतरलों. तो उद्यां कांहीं आला नाहीं.

दोन महिने पंखा सुरळीत चालला. मग रात्रीं बारीक टक् टक् ऐकूं येऊं लागली. मीं पात्यांचे स्क्रू आवळले. आवाज थोडा कमी झाला असें मला वाटलें, किंवा वाटून घेतलें. पुढें एकदां स्वयंपाकघरांतील प्लग दुरुस्त करण्यास मिस्त्री आला असतां त्यानें तो आवाज ऐकला. न विचारतांच तो आंत गेला, पंखा बंद केला आणि घोडा लावून वर चढला.

"काका, हा पंखा कोणीं बसवला?"

"मींच." मीं जरा अभिमानानेंच सांगितलें.

"मग ही तार कशाला बांधली?"

त्यानें मला वर बोलावून दाखविलें. कंपनानें तार झिजून तुटली होती, नट अर्धा उतरला होता आणि बोल्ट एका बाजूनें कडीच्या बाहेर सरकत चालला होता. खालीं पलंगावर माझी चार वर्षांची पुतणी दुपारची झोंप घेत होती. मिस्त्री कांहीं बोलला नाहीं. त्यानें खिशांतून पिन काढली, बसविली, तिचे दोन्ही पाय उलट दिशांना वांकविले आणि तो उतरला. पिनेचे पैसे त्यानें घेतले नाहींत.

तेव्हांपासून पंख्याच्या बाबतींत मी आधीं टांगणीकडे पाहतों, मग विजेकडे. पुष्कळ जण याच्या उलट करतात.

टांगणीचा पहिला भाग म्हणजे छतांतील हूक. सिमेंटच्या स्लॅबमध्यें तो स्लॅब ओततांनाच आंतल्या सळ्यांना अडकवून बसविलेला असावा लागतो. वरच्या मजल्यावर गच्ची असेल आणि ती गळत असेल, तर हा हूक आंतून गंजतो. छताला लागलेला भागच आधीं खातो आणि खालचा वांक मात्र धडधाकट दिसतो. म्हणून पंख्याच्या वरची वाटी खालीं सरकवून हुकाच्या मुळाशीं पाहावें. तेथें तांबूस पापुद्रे सुटत असतील, सिमेंटला भेग असेल, किंवा गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर त्या हुकाला कांहींहि टांगूं नये. इमारतीच्या जाणकाराला दाखवावें. जुन्या वाड्यांत वा चाळींत पंखा तुळईला लोखंडी पट्टीनें जखडलेला असतो. तेथें तुळईच पाहिजे. तख्तपोशीच्या फळीला स्क्रूनें मारलेली कडी हा आधार नव्हे. प्लास्टर ऑफ पॅरिसचें खोटें छत हल्लीं सर्वत्र झालें आहे. त्याच्या पाठीमागें खरा हूक कोठें आहे हें ठाऊक असल्याखेरीज त्यांतून लोंबणाऱ्या दांडीवर विश्वास ठेवूं नये.

दुसरा भाग म्हणजे हुकावर बसणारी रबराची गुंडी. तिच्याकडे कोणाचेंच लक्ष नसतें. ती असते तोंवर लोखंड लोखंडावर घासत नाहीं आणि पंख्याची थरथर छतांत उतरत नाहीं. पण रबर उष्णतेनें कडक होतें, तडकतें, आणि एके दिवशीं त्याचा भुगा होऊन खालीं पडतो. केर काढणाऱ्या बाईला तो काळा चुरा दिसतो व ती तो झाडून टाकते. पंख्याखालीं असा चुरा दिसला तर तो नव्या रबराची मागणी करीत आहे असें समजावें. दुकानांत ही गुंडी अगदीं थोड्या पैशांत मिळते. पंखा उतरविला कीं रबर व स्प्लिट पिन दोन्ही नवीं घालावीं; एकदां वांकवून सरळ केलेली पिन पुन्हां वांकविली तर मोडते, हें मीं वर सांगितलेंच. नव्या पंख्याबरोबर पोलादी दोराचा एक फांसा मिळाला, तर तो उगीच दिला आहे असें समजून ड्रॉवरमध्यें टाकूं नये. मुख्य बोल्ट निसटला तरी पंखा हवेंतच अडकून राहावा यासाठीं तो असतो, आणि त्याचें दुसरें टोंक स्वतंत्र आधाराला बांधावयाचें असतें.

उंचीविषयीं थोडें. पातीं जमिनीपासून आठ फुटांच्या खालीं येऊं नयेत आणि छतापासून निदान एक फूट दूर असावीं. छताला अगदीं चिकटलेल्या पंख्याला वरून हवा मिळत नाहीं व तो नुसता फिरतो. पण आठ फुटांचा हिशेब जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा आहे. मुलांसाठीं दुमजली पलंग घेतला, किंवा कोणीं कौतुकानें नातवाला दोन्ही हातांनीं वर उचललें, कीं तो हिशेब कोसळतो. पंख्याखालीं मूल वर उडविण्याची हौस तर घरांत बंदच असावी.

आतां वीज. कळ बंद केली म्हणजे वीज बंद झाली असें आपण मानतों. कळ फेजच्या, म्हणजे जिवंत तारेवर बसविलेली असेल तरच तें खरें. जुन्या घरांतून ती पुष्कळदां परतीच्या तारेवर, न्यूट्रलवर, असते. अशा ठिकाणीं कळ बंद केल्यावर पंखा थांबतो खरा, पण त्याच्या आंत वीज तशीच उभी असते. मात्र हात लावीपर्यंत तें कळत नाहीं. म्हणून वर चढण्यापूर्वीं घराची मुख्य कळ, जी दोन्ही तारा एकदम तोडते, ती बंद करावी आणि जुना चिनी मातीचा फ्यूज असेल तर तो काढून खिशांत घालावा. खिशांत अशासाठीं, कीं घरांतील दुसरें कोणी "अरे, लाइट गेली वाटतें" असें म्हणत तो परत लावूं शकणार नाहीं.

येथें आजच्या घरांत एक नवा धोका आहे. पुष्कळांकडे इन्व्हर्टर असतो, आणि त्याचें कामच असें, कीं मुख्य वीज गेली रे गेली कीं पंख्यांना व दिव्यांना आपली वीज द्यावयाची. तुम्ही मोठ्या सावधगिरीनें मेन बंद करून शिडीवर चढतां आणि कोपऱ्यांतला इन्व्हर्टर तत्परतेनें तुमच्या हातांतील तारेंत २३० व्होल्ट सोडतो. तेव्हां आधीं इन्व्हर्टर बंद, मग मेन बंद. त्यानंतर टेस्टर, पण तो एकदां चालू बटणावर लावून खरोखर पेटतो याची खात्री मेन बंद करण्याच्या आधींच करून घ्यावी. कोरड्या लांकडी शिडीवर उभें असतां त्याचा दिवा फार मंद पेटतो, म्हणून टेस्टर पेटला नाहीं एवढ्या एकाच पुराव्यावर तारेला हात घालूं नये.

"फ्यूज आहे ना, मग भीति कसली?" असें विचारणारे पुष्कळ भेटतात. साधा पंखा सुमारें ७५ वॅट वीज घेतो. २३० व्होल्टला त्याचा प्रवाह एक तृतीयांश ॲम्पिअरच्या आसपास येतो. घरांतला फ्यूज पांच ॲम्पिअरचा किंवा एम.सी.बी. सहा ॲम्पिअरची असते. उलट माणसाचा प्राण जाण्यास एक दशांश ॲम्पिअरहूनहि कमी प्रवाह पुरतो. म्हणजे माणूस तारेला चिकटून राहिला तरी फ्यूजला त्याची दादहि लागत नाहीं. तो तारांना जळण्यापासून वांचविण्यासाठीं आहे, माणसाला नव्हे. माणसासाठीं निराळें साधन आहे. त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात. जाणारा व येणारा प्रवाह यांत ३० मिलिॲम्पिअरची तूट पडली कीं तें सेकंदाच्या अंशांत वीज तोडतें. नवीन पडदे घेण्याआधीं तें घ्यावें असा माझा आग्रह आहे. बसवावें मात्र परवानाधारकाकडूनच.

तारांचे रंगहि घरोघर निराळे सांपडतात. जुन्या जोडणींत लाल फेज, काळी न्यूट्रल व हिरवी जमिनीची. नव्या लवचिक तारांत तपकिरी, निळी आणि हिरव्यावर पिवळी रेघ. पूर्वीच्या मिस्त्रीला हातांत आली ती तार त्यानें वापरली असेल, हेंहि शक्य आहे. म्हणून जुना पंखा सोडण्यापूर्वीं कोणती तार कोठें होती याचें एक छायाचित्र काढून ठेवावें. पंख्याचें अंग धातूचें असतें, म्हणून जमिनीची तार त्याला जोडलीच पाहिजे. पुष्कळ घरांत पंख्याच्या जागीं दोनच तारा बाहेर आलेल्या दिसतात. तिसरी तार आणणें हें वर सांगितलेल्या रेघेच्या पलीकडचें काम आहे.

शिडीवर एकट्यानें चढूं नये. एकानें घोडा धरावा. पंखा वर द्यावयाचा तो पातीं न लावतां. पातीं शेवटीं लावावीं. ॲल्युमिनिअमची शिडी हलकी खरी, पण विजेच्या कामाला लांकडाची बरी. पायांत कोरड्या रबरी चपला असाव्या.

घरच्या घरीं ओळखतां येण्यासारखे बिघाड दोन-तीनच आहेत. पंखा गुणगुणतो पण फिरत नाहीं, काठीनें ढकलला तर हळूहळू सुरू होतो, किंवा पूर्वींचा वेग उरला नाहीं. असें झालें कीं बहुधा कपॅसिटर दुर्बल झालेला असतो. तो एक लहानसा डबा, बहुतेक पंख्यांत अडीच मायक्रोफॅरॅडचा; आंकडा त्यावर छापलेला असतो आणि त्याच आंकड्याचा नवा घालावयाचा, मोठा घातला तर पंखा जोरानें फिरेल अशा समजुतीनें दुसरा घालावयाचा नाहीं. काढलेल्या कपॅसिटरमध्यें कधीं कधीं थोडी वीज सांठून राहते. तिचा झटका मोठा नसतो, पण शिडीवर दचकलेला माणूस खालीं येतो. म्हणून त्याचीं दोन टोंकें लांकडी मुठीच्या डिसमिसनें एकदां एकमेकांना भिडवून घ्यावीं.

पंखा डुलूं लागला तर दोष पात्यांत शोधावा. कारखान्यांत तीन पात्यांचा संच वजनानें जुळवून दिलेला असतो. एका पंख्याचें पातें दुसऱ्याला लावूं नये. धूळ पुसतांना एक हात पात्यावर रेलून दुसऱ्यानें घासण्याची जी रीत आहे, तिनें पातें वांकतें. माझी पत्नी जुन्या उशीचा अभ्रा पात्यावर मोज्यासारखा चढविते आणि दोन्ही बाजूंनीं दाबून ओढून घेते. धूळ अभ्र्यांत राहते, अंथरुणावर पडत नाहीं, आणि पात्यावर भारहि येत नाहीं. वांक आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं एक काठी छतापासून पात्याच्या टोंकापर्यंत धरून खूण करावी व पंखा हातानें फिरवून तिन्ही पातीं त्याच खुणेवर येतात कां तें पाहावें. टक् टक् येत असेल तर मात्र पात्यांआधीं वरची वाटी उघडावी. कां, तें आपण ऐकलेंच आहे.

जळका वास, बटणाच्या पट्टीला हात लावतां झिणझिण्या येणें, छतांतून पंख्याच्या दांडीवर उतरणारा पाण्याचा ओघळ. यांपैकीं कांहींहि दिसलें तर मेन बंद करून मिस्त्रीला बोलवावें. त्या रात्रीं हातपंख्यावर भागवावें.

शेवटीं नव्या पंख्यांबद्दल विचारणा होते म्हणून सांगतों. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांची ऊर्जाचिठ्ठी सक्तीची झाली. बी.एल.डी.सी. म्हणून जे पंखे मिळतात ते सुमारें तीस-पस्तीस वॅटांत तितकाच वारा देतात. रोज बारा तास पंखा चालणाऱ्या घरांत हा फरक बिलांत दिसतो. परंतु या पंख्यांचा वेग त्यांच्या आंतल्या यंत्रणेनेंच बदलावयाचा असतो. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच ठेवून त्यावर हा पंखा चालविला, तर तो धडपणें चालत नाहीं व पुढें बिघडतो. म्हणून पंखा बदलतांना तो रेग्युलेटर पट्टींतून काढून टाकावा, पंखा साध्या कळेवर घ्यावा, आणि रेग्युलेटरच्या जागीं राहिलेलें भोक उघडें न ठेवतां त्यावर त्याच मापाचें झांकण त्याच दिवशीं लावावें.